अंगणात नेलेला मॉनिटर

तुम्ही एका रंगाऱ्याला आंधळा ठरवलंत. त्याचे डोळे तपासले नाहीत, त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही, त्याला साधं विचारलंही नाही. भंडाऱ्याच्या सरकारी कचेरीतल्या गार खोलीत बसून एक ओळ लिहिलीत आणि खाली शिक्का मारलात: ‘संबंधित रंगाऱ्याची नजर अधू झाली असून रंग ओळखण्याची क्षमता राहिलेली नाही.’ अक्षर कारकुनाचं असेल, सही तुमची आहे. म्हणून ही गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे, आणि पहिल्यापासून सांगायची आहे. तुम्हाला फक्त तिचा शेवट ठाऊक आहे आणि तोही चुकीचा ठाऊक आहे.

मोहाडीचे गोपाळराव हेडाऊ हा तो माणूस. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं, त्याच्याही आधीपासून विणकरांच्या संस्थेचा दोरा हेच रंगवतात. कोसा रेशमाची करवतकाठी साडी तुम्ही कपाटात बघितली असेल, बायकोच्या अंगावर बघितली असेल. तिचं अंग कोशाच्या मूळच्या रंगाचं असतं. जीव असतो तो काठात. त्या काठाचा लाल, जांभळा, हिरवा दोरा गोपाळरावांच्या गंजातून निघालेला असतो. गंज म्हणजे मोठं ॲल्युमिनियमचं भांडं, खाली चुलाण, हातात लाकडी दांडा, आणि दांड्यावर टांगलेल्या दोऱ्याच्या लडी. मोजमापाला चमचा नाही, घड्याळ नाही. डोळा आहे.

आणि त्या डोळ्याचा एक कायदा आहे. छपराखाली रंग बघायचा नाही. लड वाळली की ती घेऊन अंगणात यायचं, सकाळी दहाच्या सुमारास विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहायचं, एका हातात नमुना, एका हातात लड. दोन्ही एकमेकांत मिसळून दिसेनासे झाले तर रंग जमला. बल्बच्या उजेडात कोणी रंग दाखवायला आलं की गोपाळराव मान फिरवत. म्हणत, “बाहेर ये बापा. अंदर समदे रंग लबाडी करतात.”

दामिनी या घरात सून म्हणून आली त्याला नऊ वर्षं झाली होती. तुमसरला तिने कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. नवरा हेमराज मागावर बसायचा, आणि ती सासऱ्याच्या हाताखाली रंग शिकत होती. हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. सासूबाई कुसुमताई तर पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, “बाईमाणसानं त्या वाफेत कायले मराव?” पण दामिनीला ते काम धरून ठेवायचं. पाण्यात बुडालेल्या लडीचा रंग वाळल्यावर कुठे जाऊन थांबेल, हे सासरा आधीच सांगायचा आणि तसंच व्हायचं. तिला तो डोळा हवा होता. दुसरं काही नको होतं.

पूर्वी मागणी आली की पोस्टाने एक पुठ्ठा यायचा. त्यावर दोऱ्याचा गुच्छ टाचलेला असायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, असा रंग पाहिजे. तुम्ही तो पुठ्ठा बंद केलात. पत्र आलं की यापुढे नमुने पडद्यावर पाठवले जातील. कागद वाचेल, वेळ वाचेल, विणकर नव्या युगात येईल. त्यापाठोपाठ एक मॉनिटर आणि कॉम्प्युटरचा डबा आला. संस्थेची कचेरी म्हणजे गोपाळरावांच्या घराचीच समोरची खोली. संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी मॉनिटरला हार घातला, नारळ फोडला आणि मग हळूच विचारलं, “दामिनीबाई, हे चालू कुठून होते?”

पत्रातलं एक वाक्य दामिनीला अजून पाठ आहे. ‘दोऱ्याचा रंग पडद्याबरहुकूम जुळवावा.’ बस. पडदा कुठे ठेवावा, कसा बघावा, त्याचा रंग आधी कशाशी पडताळावा, यातलं एक अक्षर नाही.

पहिली मागणी बारा साड्यांची होती. काठ डाळिंबी. दामिनीने फाइल उघडली आणि सासऱ्याला हाक मारली. गोपाळराव दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

“आण बाहेर.”

“मामाजी, हे बाहेर नाई नेत जी. टीव्हीसारखं असते हे.”

“मंग मी रंग कसा पाहू?”

“इथंच पाहा ना.”

“छपराखाली?” गोपाळरावांनी तिच्याकडे असं बघितलं, की नऊ वर्षं काय शिकलीस तू?

आता खरी चूक इथे आहे, आणि ती लपवायची नाही. उन्हात पडदा फिका दिसतो हे दामिनीला ठाऊक होतं. उन्हात मोबाइल बघताना ती रोज त्यावर तळहाताची सावली धरायची. पण ते मोबाइलचं झालं. इथे रंग होता, आणि रंग म्हटलं की उन्हात न्यायचा हे तिच्या हातापायांत बसलं होतं. तिने दोन बोर्ड जोडून वायर ओढली. पुंडलिकरावांनी एक बाजू धरली, तिने एक. विहिरीच्या कठड्यापाशी बाज टाकली, बाजेवर गोणपाट, गोणपाटावर मॉनिटर, बाजेखाली डबा. शेजारची बेबीबाई कुंपणावरून ओरडली, “काय व, मॅच हाय का आज?”

ऊन पडद्यावर पडलं. गोपाळराव वाकून बघत राहिले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“हा कसला डाळिंबी व? दहा वर्ष धुतलेल्या लुगड्यावानी दिसते.”

दामिनीनेही बघितलं. फिक्कट, मळकट, विटेच्या भुग्यासारखा रंग. आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, ज्यासाठी ती पुढे कित्येक दिवस स्वतःला खात राहिली.

“मामाजी, शहरात आजकाल असेच मळके रंग चालतात. फॅशन असन.”

“असन बापा,” गोपाळराव म्हणाले. “मागणारा तो. आपल्याले काय.”

तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याने कसाबसा रंग काढून दिला. नाही. झळाळता लाल काढणं सोपं असतं. कोऱ्या दोऱ्याला उतरलेला रंग देणं महाकठीण. त्यासाठी त्यांनी चार वेळा लडी बुडवल्या. तीनदा बाजूला फेकल्या. चौथ्या दिवशी दहा वाजता, पुन्हा बाज, पुन्हा गोणपाट, पुन्हा मॉनिटर, आणि पडद्यासमोर धरलेली लड पडद्यात विरघळून गेली. पुंडलिकराव म्हणाले, “ओळखू येऊन नाई राहिली जी! वा!” गोपाळराव हसले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. कुसुमताईंनी सुनेकडे बघून डोळे मिचकावले.

हेमराजने आणि आणखी तिघांनी साड्या विणल्या. गेल्या. महिन्याभरात बाराच्या बारा परत आल्या, आणि गठ्ठ्यावर तुमचं पत्र.

दामिनीने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं, हीसुद्धा तिची चूक. अर्ध्यावर आल्यावर तिला थांबता येईना आणि पुढेही जाता येईना. पुंडलिकराव म्हणाले, “वाच ना व.” तिने वाचलं. नजर अधू. क्षमता राहिलेली नाही. पुढे असं, की दिवाळीनंतर संस्थेला बाहेरून रंगवलेला दोरा पुरवण्यात येईल, सबब संस्थेचा रंगविभाग बंद करावा.

गोपाळराव उठले. मागे गेले, चुलाणावरचा गंज उतरवला आणि पालथा घातला.

यानंतर जे घडलं ते तुमच्या फाइलमध्ये नाही. तिसऱ्या दिवशी, बाजारच्या दिवशी, गोपाळराव पिशवी घेऊन आले, ओट्यावर टमाटर काढले आणि एक हातात धरून बायकोला विचारलं, “हे लाल हाय का व?”

कुसुमताईंना वाटलं, थट्टा चालली आहे. “नाई, निळं हाय,” म्हणाल्या.

गोपाळरावांनी टमाटर खाली ठेवला. पुन्हा उचलला. खिडकीपाशी नेला, मग अंगणात नेला. तेव्हा कुसुमताईंच्या लक्षात आलं की माणूस खरंच विचारतो आहे. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि आत निघून गेल्या. चाळीस वर्षं ज्याच्या डोळ्यावर अख्ख्या मोहाडीचे माग चालले, त्याला टमाटरचा रंग बायकोला विचारावा लागला. हे तुम्ही केलंत. एका ओळीत.

हे सगळं बघत बसलेली दामिनी उठली ती सरळ कचेरीच्या खोलीत गेली. तुम्हाला उत्तर लिहायचं म्हणून तिने मॉनिटर चालू केला, आणि आधी ती फाइल उघडली. दार लोटलेलं होतं, खिडकी बंद. पडद्यावर गडद, ओला, दाणा फुटल्यासारखा डाळिंबी झळकला.

ती खुर्चीवरून उठली. मग खिडकी उघडली. रंग जरा उतरला. दार सताड उघडलं. आणखी उतरला. तिने एकटीनेच मॉनिटर उचलला, वायर ओढली तेवढी ओढली आणि ओसरीच्या कडेला उन्हात नेऊन ठेवला. डाळिंबी गेला. विटेचा भुगा राहिला.

“मामाजी! इकडं या जी!”

तिने त्यांना दोन्ही दाखवलं. आत, बाहेर. पुन्हा आत. गोपाळराव पहिल्यांदाच त्या खोलीचा उंबरा ओलांडून छपराखाली रंग बघायला उभे राहिले.

“म्हणजे माही नजर गेली नाई?”

“नाई जी. उन्हानं केलं हे.”

“उन्हाले नाव नोको ठेवू,” गोपाळराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढला. “ऊन आपल्या जागी हाय. ज्याचा रंग उन्हात टिकत नाई, त्याचा नमुना कायले पाठोते हे लोक?”

दामिनीने हे सगळं अर्जात लिहिलं. चूक आमची, आम्ही मॉनिटर अंगणात नेला, असंही लिहिलं. साड्या परत घ्या असं तिने म्हटलं नाही. तिची मागणी एकच होती: ती ओळ काढा. तुम्ही उत्तर दिलं नाही. तिने दुसरा अर्ज केला. तिसरा केला. तीन अर्जांना मिळून तुमच्याकडून जे आलं ते एक निमंत्रण होतं. ‘पुढच्या पिढीचे मॉनिटर: काय अपेक्षा ठेवाल?’ सर्व संस्थांनी दोन प्रतिनिधी पाठवावेत, चहापानाची सोय आहे.

“जाऊ,” दामिनी म्हणाली. “मामाजी, तुमी बी चला.”

“मी तिथं कायले? आंधळा माणूस.”

“म्हणूनच चला जी.”

सकाळच्या एसटीने तिघं भंडाऱ्याला गेले. पुंडलिकरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गोपाळरावांच्या मांडीवर एक गाठोडं होतं. आजवर रंगवलेल्या प्रत्येक रंगाची एक लड ते घरी ठेवून घेत. त्यातल्या लालांच्या तेवढ्या त्यांनी काढून आणल्या होत्या. किती होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कंडक्टर म्हणाला, “काय बाबाजी, इकाले नेता का?” गोपाळराव म्हणाले, “नाई. दाखवाले.”

सभागृहात खिडक्यांचे पडदे ओढून अंधार केला होता. समोर टेबलावर नवा मॉनिटर, धनुष्यासारखा वाकलेला. नागपूरच्या एका कंपनीचा मनिष नावाचा तरुण तो दाखवत होता. बोलणं चांगलं होतं त्याचं. म्हणाला, पुढच्या पिढीचा मॉनिटर एक अब्जाहून जास्त रंग दाखवेल. काळा दाखवेल तो खरा काळा, राखाडी नाही. पुढे पडदा चटईसारखा गुंडाळून ठेवता येईल. दिवसभर बघितलं तरी डोळे चुरचुरणार नाहीत. आणि खोलीतला उजेड ओळखून तो आपले रंग आपणच बदलून घेईल. साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. तुम्हीच ते.

दामिनीने हात वर केला.

“भाऊ, उजेड पाहून रंग बदलते म्हणता. मंग नमुना म्हणून पाठोलेला रंग कोणता धराचा? सकाळचा का दुपारचा?”

मनिष म्हणाला, “चांगला प्रश्न आहे, ताई. जिथे रंगाचं काम असतं तिथे ती सोय बंद ठेवावी लागते. आणि प्रत्येक मॉनिटर आधी यंत्र लावून जुळवून घ्यावा लागतो. नाहीतर दोन पडद्यांवर एकच रंग दोन तऱ्हांनी दिसतो.”

“आमच्या संस्थेले दिलेला जुळोला होता का?”

मनिषने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, “बाई, हा कार्यक्रम तक्रारीसाठी नाही.”

“तक्रार नाई जी. एक फाइल उघडाची हाय फक्त.” पेनड्राइव्ह तिच्या हातातच होता.

साहेब नाही म्हणणार तेवढ्यात मागच्या रांगेतून पवनीकडच्या एका संस्थेच्या रत्नाबाई बोलल्या, “उघडा ना साहेब. आमच्या बी मागच्या साड्या वापस आल्या.” आणि मग आणखी दोघी-तिघी बोलल्या.

फाइल नव्या मॉनिटरवर उघडली. कारकुनाच्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर उघडली. साहेबांच्या लॅपटॉपवर उघडली. तिन्ही एका रांगेत ठेवले आणि उजेडासाठी खिडकीचा एक पडदा बाजूला सारला. एक फाइल, एक रंग. नव्यावर तो रक्तासारखा भडक होता. जुन्यावर जांभळाकडे झुकलेला. साहेबांच्या लॅपटॉपवर चहाचं पाणी पडल्यासारखा पिवळट. सभागृहात कुजबुज झाली, मग ती थांबली, कारण गोपाळराव उठले होते.

त्यांनी गाठोडं जमिनीवर सोडलं. एकसारख्या दिसणाऱ्या लाल लडींचा ढीग. पहिल्या पडद्यापुढे ते थोडा वेळ उभे राहिले, वाकले, ढिगात हात घातला आणि एक लड काढून पडद्यावर टेकवली. दुसऱ्यापुढे गेले, दुसरी काढली. तिसऱ्याला जरा वेळ लागला. दोन लडी परत ठेवल्या, तिसरी उचलली. मग मागे सरले.

मनिष जवळ आला. चष्मा वर करून तिन्ही पडदे बघितले. लड कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो हे त्याला बोट लावून बघावं लागलं.

“बाप रे,” तो म्हणाला. “काका, हे आमच्या यंत्रालाही एवढ्या लवकर जमत नाही.”

गोपाळराव साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग दामिनीच्या पोटात होता. ते खरंच विचारत होते. “साहेब, यातला तुमचा डाळिंबी कोणता ते सांगा जी. तोच रंगवून देतो.”

साहेबांनी लडींकडे बघितलं. पडद्यांकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. आणि म्हणाले, “हे बघा, हे तांत्रिक प्रश्न आहेत. पुढच्या पिढीचे मॉनिटर आले की ते राहणारच नाहीत.”

“कधी येतीन?” दामिनी.

“येतील. दोन वर्षं, तीन वर्षं.”

“दिवाळीनंतर तुमी आमचं चुलाण बंद करून राहिले. मी या माणसाजवळ रंग शिकून राहिली. तीन वर्षांनी तुमचा मॉनिटर खरा रंग दाखवन, तवा तो काढाले कोण राहीन? ती ओळ काढा साहेब.”

“टिप्पणी वर गेली आहे. आता माझ्या हातात काही नाही.”

“लिहिली तवा तर हातात होतं.”

कोणीतरी हसलं. साहेबांनी चहा आणायला सांगितलं. पुंडलिकरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा, साहेबांचा चहा घेतला नाही. मात्र बिस्कीट खिशात टाकलं, ते एसटीत गोपाळरावांना दिलं.

गोपाळराव वाटभर खिडकीबाहेर बघत होते. मोहाडीच्या अलीकडे त्यांनी सुनेला कोपराने हलवलं आणि कापायला आलेल्या धानाकडे बोट दाखवलं.

“तो कोणता रंग, सांग.”

“पिवळा जी.”

“नाई. नीट पाह्य. खाली अजून हिरवा हाय.”

घरी गेल्यावर त्यांनी पालथा गंज सरळ केला. पाणी चढवलं. कोणाची मागणी नव्हती. दामिनी दांडा धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने चौथा अर्ज लिहिला आणि स्वतः येऊन तुमच्या आवक खिडकीवर दिला, पोच घेतली. पोचेवर तुमच्याच कचेरीचा शिक्का आहे, तेव्हा मिळाला नाही म्हणू नका. अर्जाला तीन लाल लडी बांधलेल्या आहेत. एक तुमच्या नव्या मॉनिटरची, एक जुन्याची, एक तुमच्या लॅपटॉपची. चौथी गाठ मोकळी ठेवली आहे, तुमच्या मनातल्या डाळिंबीसाठी. दिवाळीला सतरा दिवस उरले आहेत.

त्या तीन लडी उचला, खोलीतून बाहेर या, उन्हात उभे राहा आणि सांगा: यातला कोणता रंग तुम्ही मागितला होता? आणि तो जर तुम्हालाच सांगता येत नसेल, तर गोपाळराव हेडाऊंची नजर गेली ही ओळ तुम्ही कोणाच्या नजरेने लिहिलीत? उत्तर लेखी द्या. सहीसकट.